दबलेल्या जनुकांना बोलतं करणारी सहा पानं

बायॉप्सीचा कागद हातात आला की मेहकरचा किंवा चिखलीचा सत्तरीतला माणूस डॉक्टरांना एकच विचारतो, ‘गाठ जागेवर राहील, की हाडात उतरेल?’ ग्लीसन गुण, पीएसएचा आकडा आणि स्कॅन यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या प्रोस्टेटच्या दोन गाठींपैकी एक वर्षानुवर्षं पडून राहते आणि दुसरी मणक्यापर्यंत पोचते. 10 ऑक्टोबर 2002 रोजी ‘नेचर’मध्ये आलेला एक शोधनिबंध नेमका याच प्रश्नाला भिडतो. पहिलं नाव सूर्यनारायण वरंबळ्ळी यांचं, मार्गदर्शक मिशिगन विद्यापीठातले अरुल चिन्नयन, आणि पानं अवघी सहा. एखादी कसदार कथा वाचावी तशी ही पानं सावकाश वाचावीत, इतकी त्यांची बांधणी चोख आहे.

आपल्या बहुतेक पेशींत जनुकांचा संच सारखाच असतो. फरक पडतो तो कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, यानं. चालू जनुकाचा आरएनए तयार होतो आणि तो मोजता येतो. या गटानं काचपट्टीवर सुमारे 10 हजार जनुकांचे ठिपके उमटवले. गाठीतला आरएनए त्यावर सोडला, की कोणतं जनुक किती काम करतंय ते रंगातून कळतं. आडव्या ओळीत जनुक, उभ्या रांगेत रुग्ण; लाल म्हणजे काम वाढलेलं, हिरवं म्हणजे दबलेलं. दुरून पाहिलं तर लाल-हिरव्या ठिगळांची वाकळच.

त्या उभ्या रांगांमागे माणसं आहेत. पसरलेल्या रोगात हाडातली, यकृतातली गाठ सहसा कुणी कापून काढत नाही. मग तपासायला ऊती आणायच्या कुठून? मिशिगनमधल्या काही रुग्णांनी जिवंतपणीच संमती देऊन ठेवली होती. त्यांच्या निधनानंतर काही तासांत शवविच्छेदन करून या ऊती जतन केल्या गेल्या. निबंधाची भाषा कोरडी आहे, पण या दानाशिवाय त्यातलं एकही वाक्य लिहिता आलं नसतं.

आता निबंधातलं वळण. जागेवरच्या गाठी आणि पसरलेल्या गाठी शेजारी मांडल्यावर दिसलं, की पसरलेल्या रोगात चढलेली जनुकं मोजकी आहेत, दबलेली मात्र कित्येक पटींनी जास्त. घाईचा संशोधक चढलेल्यांची यादी छापून मोकळा झाला असता. इथे चढलेल्यांत ईझेडएच-2 अगदी पुढे आहे, आणि फळमाशीवरच्या अभ्यासातून त्याच्या कुळाचं काम आधीच माहीत होतं: इतर जनुकांना बंद ठेवणं. म्हणजे शेकडो जनुकं गप्प आहेत आणि गप्प करणाराच माजला आहे. दोन निरीक्षणं एकमेकांना अशी भेटतात, तिथे वाचकाच्या अंगावर काटा येतो.

पण योगायोग म्हणजे पुरावा नव्हे, हे लेखकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते दोन्ही बाजूंनी परीक्षा घेतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींत छोट्या आरएनए तुकड्यांनी एखादं जनुक दाबण्याचं तंत्र 2001 मध्येच हाती आलं होतं. ते वापरून ईझेडएच-2 खाली आणलं, तर प्रोस्टेटच्या पेशींची वाढ मंदावली. उलट बाजूनं ते जास्तीचं घातलं, तर ठरावीक जनुकांचा एक गट दबला. मग त्या प्रथिनाचा ‘सेट’ नावाचा भाग तेवढा कापला, बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं, आणि दबाव नाहीसा झाला. सबंध निबंधात मला सर्वांत देखणा वाटतो तो हा प्रयोग. एका छोट्या तुकड्यावर दोष निश्चित होतो, एकही विशेषण न वापरता.

शेवटी लेखक पुन्हा रुग्णाकडे वळतात. जागेवरच्या गाठींचे काप घेऊन त्यात ईझेडएच-2 प्रथिन रंगवून पाहिलं. ज्यांच्या गाठीत ते जास्त होतं, त्यांचा रोग ऑपरेशननंतर उलटण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे पुढच्या वाटचालीची खूण गाठ जागेवर असतानाच पेशीच्या केंद्रकात दिसू शकते. मेहकरच्या त्या माणसाच्या प्रश्नाला निबंध इथे थेट हात घालतो.

या कथेचा एक धागा मुंबईत परळला जातो. तिथल्या प्रजनन संशोधन संस्थेत अनिल शेठ आणि सहकारी वीर्यातल्या एका प्रथिनाचा पाठपुरावा करत होते. 1984 मध्ये माँट्रियलच्या गटाबरोबर त्यांनी त्याची 94 अमिनो आम्लांची संपूर्ण साखळी प्रसिद्ध केली. हे प्रथिन निरोगी प्रोस्टेट भरपूर स्रवतं. रोग पुढे सरकतो तसं ते घटत जातं. 2007 मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या जनुकाला दाबणाऱ्यांत ईझेडएच-2 आहे. परळच्या टेबलावर मोजलेलं प्रथिन आणि मिशिगनच्या तक्त्यातला दाबणारा हात असे 23 वर्षांनी एका वाक्यात आले.

निबंधाची मर्यादाही सांगायला हवी. ईझेडएच-2 फक्त दाबतं, असं चित्र यातून उभं राहतं. 2012 मध्ये दिसलं, की संप्रेरक-उपचाराला न जुमानणाऱ्या रोगात ते काही जनुकं चालूही करतं. शिवाय गाठीतलं ईझेडएच-2 रंगवून पाहण्याची तपासणी आजही आपल्याकडच्या नेहमीच्या बायॉप्सी अहवालात नसते. पण ईझेडएच-2 रोखणारी औषधं आली. त्यातलं एक 2020 मध्ये अमेरिकेत वेगळ्या, दुर्मीळ कर्करोगासाठी मंजूर झालं आणि प्रोस्टेटसाठी चाचण्या झाल्या. या कामाच्या पायातल्या दगडांत ही सहा पानं आहेत.

जे दिसतं त्याच्याइतकंच जे नाहीसं झालं त्याकडे पाहा, ही या निबंधाची शिकवण माझ्या मते कर्करोगाच्या अभ्यासात पहिल्या रांगेत बसणारी आहे. खामगाव, मलकापूर, बुलढाण्याच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा निबंध मुलांबरोबर ओळीनं वाचावा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची लघवी अडत असेल, रात्री चारचारदा उठावं लागत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर ‘वयामुळे होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.