हसलं कोण?

मलकपेठेतून लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या मैत्रिणींना मी ‘इंग्लिश विंग्लिश’ बघायला सांगते. गौरी शिंदे यांच्या या २०१२ सालच्या सिनेमात पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॅफेत शाकाहारी काहीतरी मागते, अन् समोरून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. आपल्याला तर वर ‘कांदा-लसूण नको’ हेही सांगायचं असतं! हसू येतं, पोटात गोळाही येतो. पण ती काउंटरवाली परकी. घरी ‘जॅझ’च्या उच्चारावर हसणारे नवरा नि लेक मात्र आपलेच. श्रीदेवीने तो सल न बोलता, नुसत्या डोळ्यांनी दाखवलाय. नवऱ्याला मात्र सिनेमा दोन लाडवांवर सोडून देतो, ही माझी तक्रार. शेवटी विमानात शशी इंग्रजीतून मागते काय, तर हिंदी पेपर! तिथे मी टाळी वाजवली.