मिश्र लोहखनिजाचे प्रगलन : एका दाव्याचे परीक्षण

लोहासमवेत टिटॅनियम व व्हॅनेडियम धारण करणाऱ्या मॅग्नेटाइटाचे प्रगलन करून तिन्ही धातू पदरात पाडता येतात, असा दावा वारंवार केला जातो. दक्षिण आफ्रिकेत विटबँक येथे १९६८ साली सुरू झालेल्या हायव्हेल्ड कारखान्याच्या अनुभवावर हा दावा घासून पाहणे उद्बोधक ठरेल.

बुशव्हेल्डच्या या खनिजात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सुमारे १.५ टक्के, तर टिटॅनियम डायॉक्साइड १२ ते १५ टक्के असते. फिरत्या भट्टीत कोळशाने त्याचे अंशतः क्षपण करीत आणि मग ते विद्युत् भट्टीत वितळवीत. व्हॅनेडियम बिडात उतरे; पुढे हलत्या पात्रात ऑक्सिजन फुंकला म्हणजे ते मळीच्या रूपाने वेगळे होई. या मळीत पेंटॉक्साइडाचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांपर्यंत चढे. लोह न गमावता साधलेली ही मजल निःसंशय प्रशंसनीय होय.

टिटॅनियमची कथा मात्र निराळी आहे. व्हॅनेडियम बिडात उतरविण्यासाठी क्षपण तीव्र हवे. परंतु ते मर्यादेबाहेर गेले, की टिटॅनियमची कार्बाइडे व नायट्राइडे निर्माण होऊन भट्टीतील मळी घट्ट होते. ती प्रवाही राहावी म्हणून डोलोमाइट व क्वार्ट्झ मिसळावे, तर टिटॅनियम विरळ होते. अशा मळीतून ते काढणे परवडत नसल्याने तिचे ढीगच साचले. चीनमधील पान्झिहुआ येथे झोतभट्टीचा मार्ग पत्करूनही टिटॅनियमचा मोठा अंश मळीतच अडकून पडतो. याउलट कॅनडातील सोरेल येथे इल्मेनाइटापासून ७० टक्क्यांहून अधिक टिटॅनियम डायॉक्साइड असलेली मळी मिळते. पण तेथे मूळ खनिजच टिटॅनियमने समृद्ध असून अभिवाह घालावा लागत नाही. सारांश, एका धातूची सोय ही दुसऱ्याची गैरसोय ठरते.

दुसरा आक्षेप अर्थकारणाचा आहे. येथे व्हॅनेडियमचे भवितव्य पोलादाशी जखडलेले असते. २०१५ साली हायव्हेल्ड आर्थिक संकटात सापडून तेथील पोलादनिर्मिती थांबली, तेव्हा व्हॅनेडियमयुक्त मळीचा हा स्रोतही आटला.

यावरून ही पद्धत त्याज्य ठरत नाही. मात्र धातू मळीत एकवटणे म्हणजे तो हाती येणे नव्हे, हा विवेक अभ्यासकांनी राखला पाहिजे. मळीतील टिटॅनियम विक्रीयोग्य रूपात बाहेर काढून दाखविल्यावाचून तिन्ही धातूंच्या प्राप्तीचा दावा अपुराच मानावा लागेल.