रायपूरची हिंदी कविता : नावीन्य आणि समूहभाव

मराठी समीक्षेत काव्यगत नावीन्याची चर्चा बहुधा बंडखोरीच्या परिभाषेत होते. साठोत्तरी लघुअनियतकालिकांनी ही परिभाषा रूढ केली : प्रस्थापितांना नकार, स्वतंत्र प्रकाशन, समानधर्मी कवींचा गट. छत्तीसगढमधील आधुनिक हिंदी कवितेला हा निकष लावला असता तो अपुरा ठरतो.

या कवितेचा आरंभबिंदू मराठी वाचकास परिचित आहे. मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठी नवकवितेत 'नवी मळवाट' (१९४९) घेऊन आले होते. गजाननांनी हिंदीत भयस्वप्नाच्या बांधणीची दीर्घ कविता सिद्ध केली. राजनांदगावातच जन्मलेल्या विनोदकुमार शुक्ल (१९३७–२०२५) यांच्या आरंभीच्या कविता मुक्तिबोधांच्याच पुढाकाराने 'कृति' मासिकाकडे गेल्या. येथे जाहीरनामा नव्हता, गटही नव्हता. एका ज्येष्ठाने केलेले वाचन होते. तथापि शुक्लांनी मुक्तिबोधांचे अनुकरण केले नाही, ही बाब अधिक महत्त्वाची आहे.

रायपूरच्या कृषी विद्यापीठात अध्यापन करीत शुक्लांनी जे नावीन्य साधले, ते वाक्यरचनेच्या पातळीवरचे आहे. 'लगभग जयहिंद' (१९७१) या संग्रहनामात एक साधे क्रियाविशेषण घोषणेची निःशंकता काढून घेते. हताश होऊन बसलेल्या अनोळखी माणसाला हात देणाऱ्या त्यांच्या सुविख्यात कवितेत 'जानना' हे क्रियापद पुनःपुन्हा योजलेले आहे. हिंदीत परिचय असणे आणि अंतरंग कळणे या दोन्हींस हे एकच क्रियापद पुरते. मराठीत पहिल्यासाठी 'ओळखणे' आणि दुसऱ्यासाठी 'जाणणे' अशी फोड करावी लागते. मराठी अनुवादक एक शब्द निवडतो, त्या क्षणी कवितेतील अर्थांतर आधीच उघड होते. परिचयाविनाही माणसे परस्परांना जाणू शकतात, हा समूहभाव त्या क्रियापदातच वसलेला आहे. तो कवितेचा केवळ आशय नव्हे. तिचे व्याकरण आहे.

येथेच एक आक्षेपही संभवतो. शुक्लांच्या कवितेत आदिवासींविषयी गाढ आदर आहे, परंतु बोलणारा कवी त्या समूहाबाहेरचा आहे. बस्तरमधील बीजापूरच्या पूनम वासम यांच्या 'मछलियाँ गायेंगी एक दिन पंडुमगीत' (२०२१) या संग्रहात हे स्थान बदलते. समूहाला आता कोणी जाणून घ्यावे, एवढीच अपेक्षा उरत नाही. तो स्वतःचे उत्सव आणि स्मृती यांचे नामकरण स्वतः करतो. मराठीत वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम यांच्या कवितेने हाच प्रश्न पूर्वी उपस्थित केला होता.

तात्पर्य, तौलनिक अभ्यासाने 'येथे चळवळ होती काय?' एवढ्यावर थांबू नये. समूह कवितेभोवती आहे, तिच्या वाक्यात आहे, की तिच्या आवाजात आहे, हे पाहणे आवश्यक आहे. मुक्तिबोधांचे मराठीपण सिद्ध करण्यापेक्षा या प्रश्नाचा शोध मराठी समीक्षेस अधिक फलदायी ठरेल.