उरलेल्यांचं काय?

सिंगापूरच्या शाळेत मुलांना 'मातृभाषा' हा विषय असतो. नेहमीची यादी आठ भाषांची: चिनी, मलय, तमिळ, शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू. मराठी त्यात नाही. मग आपल्याकडची मुलं सहसा हिंदी घेतात आणि काम भागतं.

बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत कोड लिहिताना ही यादी मला आठवते. स्विच असो वा मॅच, मी एकच गोष्ट तपासतो: यादीत न बसणाऱ्याचं ही भाषा काय करते?

सी भाषा काहीच करत नाही. केस जुळली नाही आणि डिफॉल्ट नसेल, तर ती मुकाट पुढे जाते. ब्रेक विसरला तर खालच्या केसमध्ये घसरते. 15 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं, त्याच्या मुळाशी चुकीच्या जागी पडलेला एक ब्रेक होता.

जावा 14 ने (2020) स्विचला मूल्य देणारी एक्स्प्रेशन केलं. उत्तर द्यायचंच असल्यामुळे तिथे सगळ्या शक्यता झाकाव्या लागतात. जावा 21 मध्ये (2023) त्यात पॅटर्नही आले.

पायथन 3.10 चं (2021) मॅच दिसायला सर्वांत देखणं. याद्या, डिक्शनऱ्या अलगद उलगडतं. पण काहीच जुळलं नाही तर तेही गप्प. शिवाय केसपुढे नुसतं नाव लिहिलं, तर ते तुलना न करता येईल ते त्या नावात भरून घेतं. डीएनएच्या ए, सी, जी, टी या अक्षरांसोबत, यंत्राला न वाचता आलेल्या जागी 'एन' येतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये एनची शाखाच नव्हती. बेरीज कमी भरत होती आणि आठवडाभर मला पत्ता नव्हता.

रस्टमध्ये हे झालं नसतं. एनमला एक प्रकार वाढवला की जिथे जिथे तो हाताळलेला नाही, तिथे कंपायलर अडवतो. मात्र शेवटी अंडरस्कोरची शाखा टाकली की तोही गप्प बसतो. 'इतर' हा खाना सोयीचा असतो, म्हणूनच घातक.

म्हणून सुटसुटीत वाक्यरचनेचं कौतुक मी दुय्यम मानतो. अंडरस्कोर लिहिण्याआधी त्यात कोण कोण जाणार, हे एकदा मोजावं. आपली मुलं कुठल्या खान्यात जातात, हे आपल्याला माहीत आहेच.