१६ रुग्णांचा पेपर कसा वाचायचा?

पेट-पीएचडीची तयारी करताय ना? मग एक जुना पेपर वाचाच. १९७६ मध्ये मेयो क्लिनिकच्या उन्नी, डाहलिन, बीबाउट आणि सिम यांनी १६ रुग्णांवरून 'क्लिअर सेल कॉन्ड्रोसार्कोमा' हा कूर्चेचा दुर्मिळ कॅन्सर वेगळा मांडला.

जमेची बाजू आधी. लेखकांत पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन तिघंही आहेत. ते गरजेचंच होतं, कारण हा ट्यूमर फसवा. बहुतेकदा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला होतो, हळू वाढतो, आणि एक्स-रेत कडा स्पष्ट असलेली पोकळी दिसते. अगदी साध्या कॉन्ड्रोब्लास्टोमासारखी! साधा समजून नुसता खरवडला, तर पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा; तो भोवतीच्या निरोगी हाडासकट काढावा लागतो.

आता मर्यादा. १६ हा आकडा लहान आहेच, पण खरा मुद्दा वेगळा. अशा पेपरातून कळतं की कॅन्सर असलेल्यांपैकी किती जणांत कडा स्पष्ट होत्या. डॉक्टरला हवं असतं उलटं: कडा स्पष्ट असलेल्यांपैकी किती जणांना कॅन्सर? त्यासाठी कॉन्ड्रोब्लास्टोमाचे रुग्णही शेजारी मांडून तुलना हवी, वयासकट. कॉन्ड्रोब्लास्टोमा बहुधा किशोरवयात, हा बहुधा पंचविशीनंतर. एमआरआयमध्ये आजूबाजूच्या मज्जेत सूज कमी दिसते म्हणतात; तिथंही हाच प्रश्न विचारा.

आपल्या तलवाड्यातल्या चाळिशीच्या माणसाचा खुबा दुखला, तर पहिला एक्स-रे गेवराईत किंवा बीडला निघणार. तो 'साधा' ठरवून खरवडायचा, की आधी बायोप्सी करायची, हे याच उलट्या प्रश्नावर ठरतं.