लिलावाची यादी आणि नाण्याचें गांव

ग्रंथपरीक्षणाच्या आरंभीं टीकाकार ग्रंथकाराचें नांव सांगतो. प्रस्तुत लेखांत ज्या वाङ्मयाचा विचार करावयाचा आहे त्याला ग्रंथकार नाहीं, आणि त्याला वाङ्मय म्हटलेलेंही कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. जुन्या नाण्यांच्या लिलावापूर्वीं ज्या सचित्र याद्या निघतात त्यांविषयीं आम्ही बोलत आहों. मुंबईच्या लिलावाची यादी आज चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गांवींही हौशी मनुष्याच्या हातीं पडते, घरांतील मुलें ती चाळतात, आणि कित्येक घरांत प्राचीन इतिहासाचा एवढाच ग्रंथ उघडला जातो. ज्याला वाचक आहे त्याला टीकाही हवी.

आमच्या येथील एका स्नेह्यांनीं अशी एक यादी आणून दाखविली. रोमन बादशहा टायबेरियस याच्या रुप्याच्या दिनारावर त्यांचें मन बसलें होतें. चित्राखालीं ‘दुर्मिळ’ असा शेरा होता. “दोन हजार वर्षांपूर्वींचें रोम घरीं येईल, बोली लावूं का?” एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर देण्यापूर्वीं आम्ही यादी सबंध वाचली. त्या वाचनाचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम गुण सांगूं. अशा याद्यांतील छायाचित्रें इतकीं स्वच्छ असतात कीं, नाण्यावरील एकेक अक्षर लावतां येतें. वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत दिलेलें असतें, आणि तें व्यर्थ नव्हे. ऑगस्टसच्या काळीं एका रोमन पौंड रुप्याचे ८४ दिनार पाडीत, नीरोनें इ. स. ६४ च्या सुमारास ९६ पाडण्यास आरंभ केला. तेव्हां वजनाच्या त्या एका आंकड्यावरून चौकस वाचकाला साम्राज्याच्या तिजोरीची स्थिति कळूं शकते. जी विद्या पूर्वीं संग्रहालयाच्या कुलपांत असे ती घरच्या ओसरीवर आली, याचें श्रेय या याद्यांस दिलेंच पाहिजे.

परंतु ‘दुर्मिळ’ हा शब्द या लेखकांनीं फार स्वस्त केला आहे. एका बाजूस टायबेरियसचें मस्तक व दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री असलेला हा दिनार, आणि दत्तक घेतलेले दोघे नातू गायस व लुसियस यांचीं चित्रें असलेला ऑगस्टसचा दिनार, हे दोनच प्रकार भारतांत मिळालेल्या रोमन रुप्याच्या नाण्यांत सर्वांत विपुल आहेत. जें नाणें दक्षिणेंत हंड्याहंड्यांनीं निघालें तें दुर्मिळ कसें? खरी गोष्ट अशी कीं, बायबलांत कराच्या प्रश्नावरून ज्या नाण्याचा उल्लेख येतो तें हेंच, अशी पुष्कळांची समजूत असल्यामुळें पाश्चात्य बाजारांत त्याला मागणी फार. मागणी आणि दुर्मिळता या दोन गोष्टी एक नव्हेत; यादी मात्र पहिलीस दुसरीचें नांव देते.

उलट जें खरोखर बोलकें, त्याला यादी दोष म्हणते. आपल्याकडे सांपडलेल्या कित्येक रोमन मोहरांवर बादशहाच्या मुद्रेवर छिन्नीचा घाव आहे. कित्येकींना ओंवण्यासाठीं भोंकें पाडलेलीं आहेत. असें नाणें ‘सदोष’ ठरतें व त्याची किंमत उतरते. पण तीं भोंकें पाहून कोणत्या मराठी गृहिणीला पुतळ्यांची माळ आठवणार नाहीं? व्हेनिसच्या मोहरांच्या धर्तीवर पाडलेल्या पुतळ्या आपल्या आज्या-पणज्यांनीं गळ्यांत घातल्या; रोमच्या मोहरांनाही इकडे तसाच गळा मिळाला. नाणें परदेशचें खरें, पण येथें आल्यावर त्याचें काय झालें तें या खुणाच सांगतात.

तथापि सर्वांत मोठा दोष गाळलेल्या मजकुराचा आहे. यादी बादशहाचें नांव, टांकसाळ, वजन, व्यास, सर्व कांहीं देते; नाणें कोठें सांपडलें तेवढें देत नाहीं. त्यानें काय बिघडतें, हें आमच्या वऱ्हाडांतीलच उदाहरणानें सांगतों. तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील, आतांच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळा या गांवीं १९३९ सालीं सातवाहन राजांच्या सुमारें दीड हजार नाण्यांचा सांठा मिळाला. नाणीं पोटिन नांवाच्या हलक्या मिश्रधातूचीं. बाजारांत एकेकट्याला कोण विचारतो! शिवाय ठसा मोठा व चकती लहान, म्हणून बहुतेकांवर राजाचें अर्धेंमुर्धें नांव. पण सांठा एकत्र पाहावयास मिळाल्यामुळें एकावर तुटलेलें अक्षर दुसऱ्यावरून पुरें करतां आलें. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तीं वाचलीं, आणि कुंभ, कर्ण व शक सातकर्णि हे पुराणांच्या याद्यांत नसलेले राजे उजेडांत आले. तींच नाणीं दीड हजार गिऱ्हाइकांत वांटलीं गेलीं असतीं तर तें नवें ज्ञान कोठून येतें?

रोमन नाण्यांसंबंधानें हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. भारताच्या व्यापारापायीं दरसाल पांच कोटी सेस्टर्स बाहेर जातात असें प्लिनी लिहितो. भडोचच्या बंदरांत रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं उतरत व नफ्यानें विकलीं जात असें पेरिप्लस या ग्रंथांत आहे. असें असतां महाराष्ट्रांत तीं दक्षिणेच्या मानानें फारच थोडीं सांपडलीं आहेत. बहुधा इकडे आलेलें रुपें वितळवून क्षत्रपांनीं आपलीं नाणीं पाडलीं असावीं. या तर्काची परीक्षा कशानें होणार? एखाद्या शेतांत निघालेल्या आणि गांव ठाऊक असलेल्या नाण्यानेंच. गांव पुसलें गेलें कीं तो साक्षीदार मुका झाला.

आमच्याकडे हर्रास म्हणजे काय हें शाळकरी पोरासही ठाऊक असतें. संत्र्यांचा ढीग पुढें आला कीं घेणारा प्रथम विचारतो, माल कोणत्या गांवचा, कोणाच्या बागेंतला? पंधरवड्यांत सुकणाऱ्या फळाचें गांव विचारल्यावांचून जो बोली लावीत नाहीं, त्यानें दोन हजार वर्षें टिकलेल्या नाण्याचें गांव विचारूं नये, हें आश्चर्य नव्हे काय? शिवाय यांत कायद्याचाही प्रश्न आहे. जमिनींत मिळालेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन कलेक्टरास कळविलें पाहिजे, असें १८७८ चा कायदा सांगतो. प्राचीन वस्तूंच्या व्यापारास परवाना हवा व खासगी मनुष्यानें त्या परदेशीं धाडूं नयेत, असें १९७२ चा. जें नाणें आपलें गांव सांगत नाहीं तें कदाचित् सांगण्यास भीत असेल.

म्हणून स्नेह्यांस आम्हीं इतकेंच सुचविलें कीं, बोलीपूर्वीं पत्र लिहून विचारा: हें कोठें सांपडलें, व पूर्वीं कोणाच्या संग्रहीं होतें? कागदोपत्रीं उत्तर आलें तर अवश्य घ्या, आणि तो कागद नाण्याइतकाच जपा. उत्तर आलें: “जुन्या संग्रहांतून.” त्यांनीं बोली लावली नाहीं. मन हळहळलें, तें आम्हांस दिसलें. त्यांची हौस खोटी नव्हती. आतां सुटींत मुलांना घेऊन नागपूरच्या अजब बंगल्यांत जाण्याचा त्यांचा बेत आहे. यादी मात्र त्यांनीं टाकून दिली नाहीं. प्रत्येक नाण्यापुढें थोरला मुलगा पेन्सिलीनें एकच शब्द लिहीत असतो: ‘कोठलें?’