'तुमचे संपर्क' नेमके कोणाचे?



संयोजकांनी आम्हांला दिलेला विषय होता 'स्मार्टफोन आणि खासगीपणा'. विषय फार मोठा आहे, तासाभरात तो नुसता चाटून होईल. म्हणून आम्ही तो कापून लहान केला. आयुष्यभर आम्ही पुस्तकांची परीक्षणं लिहिली. आज एका वाक्याचं परीक्षण करणार आहोत. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. खरं सांगायचं तर न वाचताच त्याच्या खाली बोट टेकवलेलं आहे. नवीन अ‍ॅप उघडलं की पडद्यावर एक चौकट येते. मजकूर साधारण असा: अमुक अ‍ॅपला तुमचे संपर्क पाहू द्यायचे का? खाली उत्तरं दोन. परवानगी द्या, किंवा देऊ नका. संपर्क म्हणजे कॉन्टॅक्ट्स, फोनमधली नावं आणि नंबर.

आता हे वाक्यच का निवडलं, त्याची हकिगत सांगतो.

आमचा एक पुतण्या आहे. कारखान्यात नोकरीला, पगार बेताचा. काही वर्षांपूर्वी पोराच्या आजारपणात त्याला पैशांची तातडी पडली आणि त्यानं मोबाइलवरच्या कुठल्याशा कर्जाच्या अ‍ॅपवरून आठ हजार रुपये घेतले. मुदत सात दिवस. कापाकापी होऊन हातात पाच हजार चारशे पडले. घरात कोणालाच सांगितलं नाही, संकोच. आठव्या दिवशी दुपारी आम्हांला फोन आला. अनोळखी आवाज, मराठी मोडकंतोडकं. पहिलं वाक्य होतं, "काय आबाकाका, पुतण्या चोर निघाला ना तुमचा?"

पुढे जे बोलला ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. पण आम्हांला शिव्यांपेक्षा जास्त लागला तो 'आबाकाका' हा शब्द. त्या नावानं आम्हांला जगात सात-आठ माणसं हाक मारतात. विद्यापीठात चौतीस वर्षं काढली, तिथं एकाला हे नाव ठाऊक नव्हतं. ते फक्त पुतण्याच्या फोनमध्ये होतं. त्याच दिवशी त्याच्या सासऱ्यांना, फोरमनला, शाळेतल्या मित्राला, गॅसवाल्याला असे फोन गेले. अ‍ॅप घेताना पुतण्यानं त्या चौकटीवर होकार दिला होता. त्याबद्दल आम्ही त्याला पुष्कळ बोललो. नंतर लाज वाटली. कारण तीच चौकट आमच्याही फोनवर दहा वेळा येऊन गेली होती आणि आम्ही दहाही वेळा होकार दिला होता.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून प्रश्न पडतो तो असा. त्या गृहस्थानं आमचा नंबर, आमचं घरातलं नाव मिळवलं ते चोरून नाही. रीतसर विचारून मिळवलं. पण विचारलं कोणाला? आम्हांला नाही.

वाक्यात परत या. 'तुमचे संपर्क.' सगळी गोम या 'तुमचे'मध्ये आहे. मराठीत षष्ठी ही फार लबाड विभक्ती आहे. 'माझं घर', 'माझा दात', 'माझे गुरुजी', 'माझी गाडी पावणेसहाची' या सगळ्यांत तेच रूप, पण मालकी फक्त पहिल्यात, तीही गृहकर्ज फिटलं असेल तर. गुरुजी माझे म्हणून मी ते कोणाला देऊन टाकू शकत नाही. इंग्रजीतलं मूळ वाक्यही याच लबाडीवर उभं आहे. तुमच्या फोनमध्ये साठवलेलं, म्हणून तुमचं. तुमचं, म्हणून तुम्ही देऊ शकता. या दोन उड्या वाचणाऱ्याच्या लक्षात येण्याआधी बोट पडलेलं असतं.

आपल्याकडच्या धर्मशास्त्रकारांनी दानाचा विचार मोठ्या बारकाईनं केला. वस्तूवरचं आपलं स्वत्व सोडायचं आणि तिथं दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करायचं, याला ते दान म्हणतात. तेव्हा पहिला प्रश्न, तुमचं स्वत्व आहे का? नारदस्मृतीत 'अदेय' गोष्टी सांगितल्या आहेत, म्हणजे हातात असूनही देता न येणाऱ्या. त्यांत एक आहे निक्षेप, आपल्या भाषेत ठेव. शेजाऱ्यानं यात्रेला जाताना दागिन्यांचा डबा तुमच्याकडे ठेवला. कपाट तुमचं, किल्ली तुमची, डबा तुमचा नाही. (त्याच यादीत बायकामुलंही आहेत, म्हणजे ती देऊन टाकण्याचा प्रश्न लोकांना पडत असावा. स्मृतींतलं सगळंच डोक्यावर घ्यावं असं आमचं म्हणणं नाही.) पण ठेवीचा मुद्दा पक्का आहे. आम्ही पुतण्याला नंबर दिला तो ठेव म्हणून दिला. गरज लागली तर फोन कर, एवढ्यासाठी.

हेलन निसेनबॉम या विदुषींनी २०१० साली 'प्रायव्हसी इन कॉन्टेक्स्ट' या पुस्तकात हाच मुद्दा वेगळ्या वाटेनं मांडला. त्यांच्या मते खासगीपणा म्हणजे माहिती कुलपात ठेवणं नव्हे. ज्या संदर्भात ती दिली त्या संदर्भाच्या रीतीनं ती फिरणं. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरनं तज्ज्ञाला सांगितलं तर काही बिघडत नाही. आमच्या मालकाला सांगितलं तर बिघडतं. 'आबाकाका' हे गुपित नव्हतंच. ते चुकीच्या तोंडी गेलं.

ही चौकट आली कुठून, तेही पाहू. २०१२ च्या फेब्रुवारीत 'पाथ' नावाच्या अ‍ॅपचा बोभाटा झाला. आयफोनवर हे अ‍ॅप घेतलं की ते न विचारता सगळी पत्त्यांची वही आपल्या सर्व्हरवर नेत होतं. एका प्रोग्रामरच्या हे लक्षात आलं, त्यानं जाहीर केलं, कंपनीनं माफी मागून गोळा केलेली माहिती पुसली. त्या वर्षी सप्टेंबरात आलेल्या आयओएस ६ मध्ये संपर्कांसाठी विचारणा सुरू झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत 'पाथ'ला आठ लाख डॉलर भरावे लागले. पण हा दंड होता लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतली म्हणून. ज्यांची नावं दुसऱ्यांच्या वहीतून गेली, त्यांच्या नावचा एक डॉलरही त्यात नाही! अँड्रॉइडची तऱ्हा निराळी. तिथं २०१५ पर्यंत अ‍ॅप बसवतानाच लांबलचक यादी दाखवत. सगळं मान्य असेल तर घ्या, नाहीतर चालू लागा. अँड्रॉइड ६ पासून एकेका गोष्टीसाठी वापराच्या वेळी विचारणं आलं.

ही सुधारणा होती हे आम्ही मानतो. मात्र तिनं उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाला. 'मला न विचारता का नेलं?' या फोनमालकाच्या तक्रारीचं निवारण झालं. वहीतली बाकीची दोनशे माणसं जिथल्या तिथं राहिली.

आणखी एक गंमत आहे, ती ऐकून आम्ही स्वतः चकित झालो होतो. अँड्रॉइडवर संपर्क वाचायला परवानगी लागते, कॅमेऱ्याला लागते, ठिकाण कळायला लागते. पण इंटरनेट वापरायला, म्हणजे वाचलेलं बाहेर पाठवायला? ती परवानगी अ‍ॅप बसवतानाच आपोआप मिळते, चौकट येत नाही. म्हणजे वाचू का हे विचारतात, घेऊन जाऊ का हे विचारत नाहीत. पाहुणा दारात उभा राहून म्हणतो, जरा कपाट बघू का? आपण म्हणतो, बघा. तो पाठीमागून टेम्पो लावतो. पडद्यावरचं क्रियापद तेवढं 'पाहणं' असतं.

यावर आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. वहीतल्या प्रत्येकाला विचारत बसायचं का? मग निरोपाचं अ‍ॅप चालायचं कसं? आमच्या मते विचारत बसण्याची गरज नाही, सगळी वही देण्याचीही नाही. फोटोंच्या बाबतीत आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, 'एवढेच फोटो' असं निवडून देता येतं. संपर्कांतली निवडक नावं देण्याची सोय त्याच आयफोनवर आली २०२४ मध्ये, आयओएस १८ सोबत. मध्ये चार वर्षं. आमचा कयास असा की फोटो आपले वाटतात म्हणून माणसं ओरडली. संपर्क दुसऱ्यांचे, आणि ते दुसरे त्या चौकटीसमोर बसलेलेच नव्हते.

पुतण्यासारख्यांच्या बाबतीत अखेर उपयोग कशाचा झाला? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधल्या फायली, संपर्कयादी, कॉलची नोंद यांना हातच लावू नये असं म्हटलं. गूगलनंही आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना ३१ मे २०२३ पासून फोटो आणि संपर्क बंद केले. इथं 'ग्राहकाची संमती असल्यास' ही पळवाट नाही. ग्राहक हो म्हणाला तरी नाही! आम्ही उदारमतवादी परंपरेत वाढलेली माणसं. माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं नाही म्हणावं हे आम्हांला सहजी पचत नाही. पण मिलनंही 'ऑन लिबर्टी'त लिहिताना, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचं स्वातंत्र्य नाकारलं आहे. आणि इथं तर माणूस स्वतःला विकत नसून काकाला विकतो आहे. नडलेल्या माणसापुढे, तेही पोराच्या औषधासाठी नडलेल्या, असा प्रश्न ठेवणं हाच अपराध आहे. उत्तर काय आलं हे पुढचं.

मात्र बंदी घालणाऱ्या दोघांतली एक कंपनी आहे हे विसरू नका. रिझर्व्ह बँकेला संसदेच्या कायद्याचा आधार आहे, तिला न्यायालयात खेचता येतं. प्ले स्टोअरचं धोरण कंपनी लिहिते, कंपनी बदलते. दारावरचा राखणदार स्वतःच बाजारात दुकान मांडून बसला असेल तर? २०२१ च्या एप्रिलात अ‍ॅपलनं नियम केला: इतर कंपन्यांच्या अ‍ॅपांत आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढायचा असेल तर आधी विचारा. लोकांनी धडाधड नकार दिले. फेसबुकनं आधीच वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन ओरड केली होती. पुढे मेटानं २०२२ सालासाठी आपला फटका सुमारे दहा अब्ज डॉलरचा सांगितला. आम्हांला तेव्हा आनंद झाला होता, लपवत नाही. पण त्याच अ‍ॅपलला फ्रान्सच्या विदा-संरक्षण संस्थेनं २०२२ च्या अखेरीस ऐंशी लाख युरोंचा दंड केला, कारण तिच्या स्वतःच्या अ‍ॅप स्टोअरमधल्या जाहिरातींसाठी आयओएस १४.६ मध्ये नीट संमती घेतली जात नव्हती. मार्च २०२५ मध्ये तिथल्याच स्पर्धा प्राधिकरणानं आणखी पंधरा कोटी युरो लावले. नियमाचा हेतू चुकीचा नव्हता, असं तेही म्हणाले. तो राबवला ज्या रीतीनं, त्यात इतरांना जाच जास्त होता. गूगलनंही, ठिकाणाची नोंद बंद केली असं लोकांना वाटत असताना ती वेगळ्या मार्गानं चालू राहिली या आरोपावर, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या चाळीस राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरना तडजोड केली. कुंपण शेत खातं असं सरसकट म्हणणं अन्याय होईल. पण कुंपणाची उंची कुंपणच ठरवतं, एवढं खरं.

आपल्या कायद्याकडे येतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा यायला २०२३ उजाडलं, नियमांना २०२५ चा नोव्हेंबर, आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. कायदेकर्त्यांना हा प्रश्न दिसला होता. संमतीच्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे. एका बाईंनी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचं अ‍ॅप घेतलं. अ‍ॅपनं उपचारासाठी त्यांची माहिती मागितली आणि फोनमधली संपर्कयादीही. त्या दोन्हींना हो म्हणाल्या. कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी संपर्कयादीची गरज नाही, सबब त्यांची संमती उपचाराच्या माहितीपुरतीच धरली जाईल. फार सुंदर उदाहरण आहे. वाचून आम्ही मनातल्या मनात टाळी दिली. मग पुन्हा वाचलं. कायदा सांभाळतो आहे कोणाला? त्या बाईंना. यादीतल्या माणसांना फायदा होतो तो ओघानं, त्यांना कोणी विचारात घेतलं म्हणून नव्हे. आणि उद्या एखाद्या अ‍ॅपनं यादी 'गरजेची' आहे असं पटवून दिलं, तर हे संरक्षण गळून पडेल. दुसरीकडे, व्यक्तीनं घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. ते योग्यही आहे. वही ठेवणाऱ्या आजीच्या मागे कोणी सरकारी माणूस लागू नये. पण मग घरच्या वहीतून कंपनीच्या वहीत जाताना, त्या उंबऱ्यावर, आमच्या बाजूनं कोण उभं आहे? आमचं म्हणणं, त्या उंबऱ्यासाठी संमतीचं कलम पुरत नाही, ठेवीचं कलम हवं.

पुतण्याचं कर्ज आम्ही भावंडांनी मिळून फेडलं. मूळ आठ हजार, भरले एकोणीस. तो अजून आमच्याकडे आला की नजर चुकवतो. मागच्या दिवाळीत त्यानं फोन पुढे करून दाखवला, घरातल्या सगळ्यांची नावं बदलली आहेत म्हणाला, पुन्हा असं व्हायला नको. सध्या त्याच्या फोनमध्ये आम्ही 'प्लंबर २' आहोत. 'प्लंबर १' म्हणजे त्याचे सासरे.

प्रश्नांना वेळ आहे ना? मागच्या रांगेतून आधी कोणीतरी हात वर केला होता.